मंडळीचा नाताळपर्यंतचा कार्यक्रम कसा बसवायचा: आधी सरवा, मग बाकी सगळं

सलाम. मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सात वर्षं सेक्रेटरीचं काम बघतोय, दीडशेच्या आसपास घरं आहेत आमची, निम्मी गावात आणि निम्मी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर. ऑक्टोबर ते जानेवारी म्हणजे हार्वेस्ट (पिकाच्या उपकारस्तुतीचा सण), आगमनकाळ (नाताळाआधीचे चार रविवार), कॅरल, नाताळ, वॉचनाइट (३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना) सगळं एकामागोमाग येतं आणि बऱ्याच मंडळ्यांत काय होतं की मागच्या वर्षीचा कागद काढायचा, तारखा खोडून नव्या टाकायच्या, की झाला कार्यक्रम. आम्हीपण तेच करायचो. समाजासाठी म्हणून जे काय करायचं ते सगळ्यात शेवटी, पैसे आणि माणसं उरली तर. आणि डिसेंबरच्या वीस तारखेला कोणाकडेच काही उरत नाही हे तुम्हालाही माहितीय.

आता आम्ही उलटं करतो आणि ते कसं करतो तेवढंच इथं लिहितोय, कारण दोनतीन मंडळ्यांच्या लोकांनी विचारलं होतं.

बायबलातल्या लेवीयच्या १९व्या अध्यायात सांगितलंय की शेत कापताना कडेपर्यंत कापू नका, पडलेलं वेचू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. त्याच नियमावर रूथ बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेलं धान्य, वेचायला गेली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना सरवा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, त्यांनी स्वतः वेचलाय, भुईमुगाचा, बाजरीचा, उन्हात कंबर मोडेपर्यंत. यातली मुद्द्याची गोष्ट अशी की कड आधी सोडायची असते, पीक कापून झाल्यावर कड कुठून आणणार. म्हणून कॅलेंडर करतानासुद्धा बाहेरच्या माणसांसाठीचे दिवस आधी लिहायचे, नाताळचं स्टेज आणि साउंडवाला नंतर.

तर पहिलं काम मीटिंग नाही, पहिलं काम फिरणं. सप्टेंबरच्या शेवटी दोघादोघांच्या जोड्या करा, एक तरुण संघातला आणि एक महिला मंडळातली असं असेल तर फार चांगलं कारण घरातलं खरं बायाच बोलतात एकमेकींशी, आणि फक्त ख्रिस्ती घरी नाही तर चर्चच्या आळीतल्या सगळ्या घरी जा. "चर्चला का येत नाही" असं चुकूनही विचारू नका. एकच प्रश्न विचारायचा, "येत्या चार महिन्यांत घरात काय अडणार आहे?" बस. आणि वहीत ते बोलले तसंच लिहायचं. आमच्या वहीत मागच्या वर्षी काय काय आलं बघा: बाळंतपण डिसेंबरात आहे आणि रक्त कमी आहे, पोराला दाखला मिळत नाही, म्हातारीला चष्मा, आणि नऊ घरांत एकच, आम्ही कोयत्यावर (ऊसतोडीला) जाणार तर पोरांचं काय करायचं. ही वही म्हणजेच तुमचा अजेंडा.

मग तारखा. यंदा म्हणजे २०२६ ला काही गोष्टी नीट बघून घ्या. दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी. नोव्हेंबरचा दुसरा रविवार देशभरातल्या बऱ्याच मंडळ्यांत दलित मुक्ती रविवार म्हणून पाळतात आणि तो यंदा नेमका ८ तारखेलाच येतोय, शाळांना सुट्ट्या, अर्धी मंडळी गावाला. आम्ही तो १५ ला घेतोय. तारखेसाठी अडून बसू नका पण विषय टाळूही नका, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत, पुढे १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना त्यात घेतलं पण आपली माणसं बाहेरच राहिली, आणि आमच्याकडे निम्म्या घरांचा हा रोजचा प्रश्न आहे. त्या दिवशी उपदेशानंतर हॉलमध्ये दोन टेबलं लावा, तहसीलच्या कामात मुरलेला एक माणूस बसवा, आणि पोरांच्या दाखल्यांचे, स्कॉलरशिपचे फॉर्म तिथंच भरून घ्या. झेरॉक्सवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, रविवारी त्याचं दुकान बंद असतं.

आता हार्वेस्ट. याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्याला पैसा इथूनच येतो. आमच्याकडे तो २५ ऑक्टोबरला ठेवलाय, बाजरी आणि सोयाबीन घरात आलेलं असतं म्हणून, आणि ऊसतोडीच्या टोळ्या बहुतेक दसरा ते दिवाळीच्या दरम्यान निघतात, त्या जायच्या आधी पैसा हातात पाहिजे म्हणून. आधी आम्ही तो नोव्हेंबरच्या शेवटी घ्यायचो, तेव्हा ज्यांच्यासाठी करायचं तीच माणसं साखर कारखान्याच्या थळात (तळावर) कोपी म्हणजे झोपडी बांधून बसलेली असायची.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, लोक आपापलं पहिलं पीक वेदीपुढं आणून ठेवतात, बाजरीची पोती, दुधी, गिलकी, कणसांची जुडी, गुळाची ढेप, टोपलीत गावरान अंडी, एखादी कोंबडी पाय चिंधीनं बांधून, आणि उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर बाहेर मांडवात लिलाव होतो. एकवार, दोनवार, तीनवार! मागच्या वर्षी एक काशीफळ चार वेळा विकलं गेलं, पहिल्याने घेतलं, पैसे भरले आणि परत टेबलावर ठेवलं, दुसऱ्याने घेतलं, त्यानेही परत ठेवलं, असं करत करत शेवटी ते एका विधवा बाईच्या घरी पोचवलं आणि पेटीत त्या एका काशीफळाचे अकराशे रुपये जमले. लिलाव पुकारायला बोलका माणूस ठेवा पण हिशेबाला दुसरा, शांत. पावती जागच्या जागी फाडायची, "नंतर देतो" म्हणणाऱ्याचं नाव वेगळ्या पानावर, आणि पैसे दोघांनी मिळून मोजून त्याच दिवशी आकडा फळ्यावर खडूने लिहायचा. यात कोणावर अविश्वास नाही, उलट फळ्यावर आकडा दिसला की पुढच्या वर्षी लोक जास्त देतात.

आणि लिलाव सुरू व्हायच्या आधीच पाळकसाहेबांनी उभं राहून सांगायचं की यातला अमुक हिस्सा सरव्याचा. आम्ही तिसरा हिस्सा ठेवतो. आधी जाहीर केलं की नंतर छताच्या पत्र्यासाठी त्याला कोणी हात लावू शकत नाही, आणि पत्रे दर वर्षीच गळतात हो.

सरव्याचा पैसा आम्ही ऊसतोड घरांतल्या पोरांवर लावतो. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते त्यामुळे हंगाम संपेपर्यंत, मार्च एप्रिलपर्यंत, परत येता येत नाही, आणि पोरं एकतर सोबत जातात नाहीतर आजीकडे राहतात. सोबत गेली की शाळा तुटली. म्हणून पहिल्यांदा शाळेतल्या गुरुजींना भेटा, हंगामी वसतिगृहाची सोय तुमच्या गावात होतेय का ते विचारा, सरकारी सोय असेल तर तिला हातभार लावा, वेगळा संसार मांडू नका. नसेल तर संडे स्कूलचा हॉल रोज संध्याकाळी उघडा. आमची इथं एक चूक झाली ती सांगतो, पहिल्या वर्षी आम्ही वर्ग चार वाजता ठेवला, सुट्टी झाली की लगेच येतील म्हणून, आणि आठवडाभर तीनच पोरं. एका ताईने जाऊन बघितलं तर मोठ्या पोरी त्या वेळेला पाणी भरत होत्या आणि धाकट्याला कडेवर घेऊन चूल पेटवत होत्या, आजीला दिसत नाही म्हणून. मग वर्ग साडेसहाला नेला, धाकट्यांना घेऊन या म्हणून सांगितलं, आणि आठ वाजता गरम खिचडी. दुसऱ्या आठवड्यात बावीस पोरं. अभ्यास घेणाऱ्यांची पाळी लावा, आठवड्यातून एकाच्या वाट्याला एकच दिवस, जास्त टाकलं तर माणूस जानेवारीपर्यंत टिकत नाही.

रक्तदान शिबिर २२ नोव्हेंबरला. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं बंद असतात त्यामुळे त्या सुमारास रक्त कमी पडतं. रक्तपेढीला महिनाभर आधी पत्र द्या. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, आणि मागच्या वेळेनंतर पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने झालेले पाहिजेत, हे सगळं आधीच्या रविवारी सूचनांमध्ये वाचून दाखवा म्हणजे कोणी रांगेत उभं राहून परत जात नाही. उपाशीपोटी येऊ नका हेपण. मशिदीतली आणि बुद्धविहारातली पोरं दर वर्षी येतात आमच्याकडे, त्यांना निमंत्रण फोनवर नाही, घरी जाऊन द्या.

२९ नोव्हेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार. योगायोग असा की सीएनआयची स्थापनाही १९७० साली नागपूरला २९ नोव्हेंबरलाच झाली, सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चं एकत्र आली होती. गावात दुसऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या असतील तर एकत्र उपासनेला हा दिवस चांगला. संध्याकाळी टिळकांची भजनं ठेवा, टाळ आणि पखवाज लावून, कीबोर्ड जरा बाजूला राहू द्या. नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि आपल्या मातीतल्या चालींवर त्यांनी गाणी दिली, शेजारचे वारकरी काकासुद्धा त्या दिवशी टाळ घेऊन येऊन बसतात आमच्यात आणि आमच्यापेक्षा चांगला ठेका धरतात.

६ डिसेंबर रविवारीच आहे. महापरिनिर्वाण दिन. आमच्यातल्या कितीतरी जणांचे चुलते, आत्या, मामा बौद्ध आहेत आणि दादरला जाणारी माणसं दोनतीन दिवस आधीपासून निघतात. त्यामुळे रविवारी सकाळी हार घालून फोटो काढण्यापेक्षा शुक्रवारी ४ ला आणि शनिवारी ५ ला स्टेशनवर पाणी आणि पुरीभाजीची पाकिटं द्या. स्टेशनवाल्यांची लेखी परवानगी आठ दिवस आधी घ्यायची, पाकिटं कागदी, आणि बॅनर लहान लावा. आम्ही बॅनरवर फक्त "प्रवाशांसाठी जेवण" लिहितो, खाली चर्चचं नाव.

फोटोचा विषय निघालाच तर, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही ब्लँकेट वाटले आणि प्रत्येकाचा हातात ब्लँकेट धरून फोटो काढला, ग्रुपवर टाकायला. एक बाई, चाळिशीतली, तिनं एका हाताने ब्लँकेट घेतलं आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडावर ओढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे, मी तो कोणाला दाखवत नाही. तेव्हापासून घेणाऱ्याचा फोटो बंद म्हणजे बंद. स्वयंपाक करणाऱ्यांचा काढा, सामान उतरवणाऱ्या पोरांचा काढा. आणि मदतीला अट नको, पुस्तक नको, "रविवारी या" हेसुद्धा त्या वेळेला नको. ज्याला विचारायचंय तो आपणहून विचारतो.

कॅरलचं थोडक्यात. घरांची यादी करताना आजारी आणि एकट्या माणसांपासून सुरुवात करा, सरपंचांच्या घरापासून नको. म्हातारी माणसं नऊला झोपतात. पोलीस स्टेशनला मार्गासकट अर्ज द्या, रात्री दहानंतर स्पीकर बंद ठेवायचा नियम आहे, २४ आणि ३१ डिसेंबरला सूट मिळते का ते त्या वर्षीच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात बघून घ्या, अंदाजाने चालू नका. चहा प्रत्येक घरी घ्यायचा नाही, पोरांची पोटं बिघडतात, तीन घरंच ठरवा. महिला मंडळाचा फराळ एकत्र करायचा असेल तर बेकरीवाल्याकडे केक आणि नानकटाईच्या ट्रेसाठी नंबर १० डिसेंबरच्या आत लावा, त्यानंतर भट्टी मिळत नाही.

सूचना कशा लिहायच्या हेपण शिकावं लागतं. "सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून शोभा वाढवावी" याने कोणी येत नाही. असं लिहा: "शनिवार ५ डिसेंबर, सकाळी ६, चर्चच्या मागचा हॉल. दोनशे पाकिटं करायचीत. पुऱ्या लाटायला बारा जण पाहिजेत, पोळपाट घरून आणा. साडेआठला मोकळे." वेळ, जागा, किती माणसं, काय आणायचं, कधी सुटणार. व्हॉट्सॲपवर टाका, फळ्यावर लिहा, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही अशांची यादी करून संडे स्कूलच्या पोरांना वाटून द्या, प्रत्येक पोराला दोन घरं. आमच्या एका आजींना पोरगं सूचना वाचून दाखवायला जातं आणि त्या त्याच्याकडून रोजचा शास्त्रभागही वाचून घेतात, आता तो शनिवारी न सांगता जातो.

३ जानेवारी २०२७ पण रविवार आहे, सावित्रीबाईंची जयंती. आपल्या नगरशी तिचं नातं जुनं आहे, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांच्याकडे सावित्रीबाईंनी नगरला शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. फॅरारबाई १८२७ ला मुंबईत आल्या आणि १८६२ ला नगरलाच वारल्या. त्या दिवशी उपासनेत उपदेशाआधी अभ्यासिकेतल्या मुलींना वाचायला उभं करा, त्यांना जे वाचायचंय ते. मागच्या जानेवारीत एका सातवीतल्या मुलीने आईला लिहिलेलं पत्र वाचलं, आई तेव्हा कोल्हापूरकडे फडात होती, आम्ही फोन लावून धरला होता आणि स्पीकरवर पलीकडून नुसता कोयत्यांचा आवाज येत होता.

नाताळ झाल्यावर माणसं थकलेली असतात म्हणून हिशेब पुढे ढकलला जातो, तसं करू नका. १० जानेवारीला उपासनेनंतर अर्धा तास, खजिनदाराने सरव्याचा हिशेब वेगळा वाचायचा, किती आले, किती गेले, तेल किती, तांदूळ किती, आणि किती शिल्लक. वर्ग मार्चपर्यंत चालवायचा असतो, तर शिल्लक पुरतेय का ते तेव्हाच कळतं आणि कमी असेल तर मागायला अजून वेळ असतो. मांडववाल्याची भांडी त्याच दिवशी मोजून परत करा, मोठी पातेली एकवीस असतात, झाकणं नेहमी दोन कमी भरतात, ती संडे स्कूलच्या कपाटामागे बघा.