झाड पाडायला शिकताना: साहित्य, खाच आणि बिजागरी

झाडतोडीच्या कामात नवा माणूस आधी मशीनची, म्हणजे चेनसॉची, चौकशी करतो: किती सीसीचं घ्यावं, बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) किती लांब असावा. खर्चाची सुरुवात मात्र पायांपासून करावी. चेनसॉच्या जखमा सर्वाधिक पायांना, त्यातही डाव्या मांडीला आणि गुडघ्याला होतात, कारण फांद्या छाटताना मशीन याच उंचीवर फिरत असतं.

चेनसॉ ट्राउझर म्हणजे नुसती जाड पँट नव्हे. तिच्या पुढच्या भागात लांब, सैल तंतूंचे अनेक थर असतात. चालती चेन कापडाला लागली की ती हे तंतू ओढून घेते, ते आतल्या दातेरी चाकाभोवती गुंडाळतात आणि चेन अडकून थांबते. म्हणूनच फाटलेली ट्राउझर शिवून वापरू नये. टाका थरांमधून गेला की तंतू जागीच बांधले जातात, मग ते ओढले जात नाहीत आणि चेन थेट मांडीत शिरते. लेबलवर वर्ग पाहा. वर्ग 1 म्हणजे चेनचा वेग सेकंदाला 20 मीटर असताना घेतलेली चाचणी. पूर्ण वेगात मशीनची चेन याहून जोरात पळू शकते, त्यामुळे ट्राउझर जखम हलकी करते, पण ती टळेलच याची खात्री देत नाही. बॅटरीच्या मशीनची मोटर तंतू गुंडाळले तरी जोर लावत राहू शकते, तिथे आणखी सावध राहावं.

डोक्यावर जाळीचा पडदा आणि कानावरचे मफ जोडलेलं हेल्मेट हवं. जाळीतून बारीक भुसा येतो, म्हणून आत संरक्षक चष्मा घालावा. मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, तेव्हा मफ घालण्यात कंटाळा नको: गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, पुढे पोलादी टोपी असलेले आणि चेनपासून संरक्षण देणारे घ्या. दाब देऊन बांधायची पट्टी आणि रक्तस्राव रोखणारा आवळपट्टा कमरेलाच असावा. गाडीत ठेवलेली पेटी जखमी माणसाच्या उपयोगी पडत नाही.

मशीन 45 ते 50 सीसीचं आणि बार 15 इंचाचा, म्हणजे साधारण 38 सेंटिमीटरचा, एवढं शिकायला पुरतं. लांब बारचं टोक नजरेआड जातं, आणि धोका टोकातच असतो. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला टेकला की चेन लाकूड कापण्याऐवजी त्यावर चढू पाहते आणि अख्खा बार चेहऱ्याच्या दिशेने उसळतो. ही उसळी हाताने रोखता येईल इतकी सावकाश येत नाही. म्हणून डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलखालून पूर्ण गुंडाळलेला हवा, खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही आणि चेनब्रेक, म्हणजे फिरती चेन थांबवणारा ब्रेक, रोज सकाळी तपासायचा. मशीन सुरू करताना ते जमिनीवर टेकवून, ब्रेक लावून सुरू करावं, हवेत झटका देऊन कधीच नाही. इंजिन मंद चालत असताना चेन फिरत असेल तर कार्ब्युरेटर जुळवल्याशिवाय कामाला लागू नका.

इंधनाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं. बऱ्याच नव्या मशीनला 50:1 लागतं, म्हणजे लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, 5 लिटरला 100 मिली. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच करा. टाकी भरली की मशीन सुरू करण्याआधी त्या जागेपासून किमान 3 मीटर दूर जा. प्रत्येक वेळी पेट्रोलबरोबर चेन ऑइलही भरा. ऑइल पोहोचतंय का हे पाहायला बारचं टोक फिकट लाकडाच्या दिशेने, न टेकवता धरून इंजिन जोरात फिरवा. काही सेकंदांत लाकडावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. चेनचा ताण असा असावा की ती बारच्या खालच्या कडेला चिकटून बसेल, तरीही हातमोजा घालून ओढली की सहज सरकेल.

चेन धारदार आहे की नाही हे खाली पडणारा कचरा सांगतो. जाडसर ढलप्या पडल्या तर धार ठीक. पिठासारखा भुसा पडू लागला की चेन बोथट झाली. नवा माणूस अशा वेळी मशीनवर जोर देतो, हात थकतात, काप वाकडा जातो आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात: 0.325 पिचच्या चेनला 4.8 मिमीची गोल कानस लागते, 3/8 पिचच्या चेनला साधारण 5.2 मिमीची. बहुतेक चेनना 30 अंशांचा कोन चालतो. कानस फक्त आतून बाहेर, एकाच दिशेने फिरवा आणि प्रत्येक दाताला सारख्याच फेऱ्या द्या. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड झाले की काप वळतो. दर तिसऱ्या वेळी डेप्थ गेज, म्हणजे प्रत्येक दातापुढचा छोटा उंचवटा, मोजा. तो दाताच्या टोकापेक्षा सुमारे 0.65 मिमी खाली असावा. याहून जास्त घासलात तर चेन लाकडात अधाशासारखी घुसते आणि उसळी वाढते.

आता झाड. पहिली झाडं सरळ, जिवंत आणि सुमारे 30 सेंटिमीटर जाडीची निवडा. त्याहून बारीक बुंध्यात पाचर बसायला जागाच उरत नाही. वाळलेलं, कुजलेलं, दोन शेंड्यांचं, वेलींनी शेजारच्या झाडाला बांधलेलं किंवा विजेच्या तारेजवळचं झाड नवख्याने हाती घेऊ नये. तोडायची परवानगी लागते का, ही चौकशीही आधीच झालेली असावी.

उंची काढायला हाताच्या लांबीएवढी काठी हात ताठ करून उभी धरा आणि झाड काठीएवढं दिसेपर्यंत मागे जा. तुम्ही जिथे थांबाल, साधारण तिथवर शेंडा पोहोचेल. या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणीही नको. जोडीदार असावाच, पण तो या कक्षेबाहेर, नजरेच्या टप्प्यात. मग वर पाहा: शेंडा कुठे कलला आहे, कोणत्या बाजूला फांद्या जड आहेत, एखादी वाळकी फांदी लटकते आहे का. झाड पडायच्या दिशेच्या विरुद्ध, तिरकस 45 अंशांवर, मागे सरायच्या दोन वाटा मोकळ्या करा. बरोबर मागे पळायचं नाही, कारण बुंधा मागे उसळू शकतो.

यापुढचं सगळं बिजागरीवर चालतं. बिजागरी म्हणजे पडायच्या बाजूला कापलेली खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापता राखलेली लाकडाची पट्टी. झाड तिच्यावर वळत पडतं आणि ती शाबूत असेपर्यंतच त्याची दिशा तुमच्या ताब्यात असते. 30 सेंटिमीटरच्या बुंध्याचं माप असं: खाच 6 ते 7 सेंटिमीटर खोल, म्हणजे जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी. खाचेच्या तळाची रेघ जाडीच्या 80 टक्के, म्हणजे 24 सेंटिमीटर लांब. बिजागरीची जाडी 10 टक्के, म्हणजे 3 सेंटिमीटर. सुरुवातीला ही मापं खडूने बुंध्यावर आखून घ्या.

खाचेचा वरचा तिरका काप आधी घ्या, आडव्याशी सुमारे 60 अंशांचा. मशीनच्या अंगावर बारला काटकोनात असलेली रेघ ज्या दिशेने रोखाल, त्या दिशेला झाड पडेल. मग खालचा आडवा काप, वरच्या कापाला नेमका भेटेल असा. वरच्या कापाच्या फटीतून खाली पाहत राहिलात तर चेन कुठे आली ते दिसतं. एक काप दुसऱ्याच्या पुढे गेला, तर झाड थोडं कलताच ती जास्तीची फट मिटते, बिजागरी अवेळी तुटते आणि झाड मोकाट होतं. असं झालं तर खाच किंचित खोल करून दोन्ही काप पुन्हा जुळवा. अरुंद खाचही याच कारणाने वाईट: 45 अंशांची खाच झाड अर्ध्यावर आलं असतानाच मिटते.

मागचा काप खाचेच्या तळापेक्षा 2 ते 3 सेंटिमीटर वर, अगदी आडवा. ही पायरी बुंधा मागे सरकू देत नाही. बारच्या मागे पाचरेपुरती जागा झाली की प्लास्टिकची पाचर बसवा. लोखंडी पाचर नको, चेन लागली तर दात उडतात. 3 सेंटिमीटरच्या खुणेला पोहोचलात की थांबा, मशीन बाहेर काढा आणि पाचर ठोका. बिजागरीपासून 20 सेंटिमीटर मागे बसलेल्या पाचरेने बुंधा 2 सेंटिमीटर उचलला, तर 12 मीटर उंचीवरचा शेंडा सुमारे 1.2 मीटर पुढे जातो. झाड हलत नाही म्हणून बिजागरी आणखी कापणं ही नवख्याची सर्वांत महाग चूक. झाड निघालं की ब्रेक लावा, ठरलेल्या वाटेने सरका आणि नजर शेंड्यावर ठेवा.

पडायच्या दिशेलाच जोरात कललेलं झाड सोपं वाटतं, पण ते उलट आहे. त्याच्या पाठीमागचं लाकूड ताणलेलं असतं. मागून कापत गेलात तर काप पुरा व्हायच्या आत बुंधा उभा चिरतो आणि वरचा भाग मागे फेकला जातो. त्यासाठी बार बुंध्याच्या मधून भोसकून, मागे लाकडाची पट्टी राखून ती शेवटी कापायची पद्धत आहे, पण ती जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच शिकावी.

झाड दुसऱ्यात अडकलं तर त्याखाली जाऊ नका, आधार देणारं झाड तोडू नका आणि त्यावर दुसरं पाडू नका. आकड्याच्या पहारेने बुंधा गोल फिरवून पाहा, नाहीतर दूरून विंचने ओढा. दोन्ही जमलं नाही तर ती जागा फीत लावून बंद करा आणि अनुभवी माणूस बोलवा.

फांद्या छाटताना खोड तुमच्या आणि मशीनच्या मध्ये ठेवा. वाकलेली फांदी आधी दाबल्या बाजूने थोडी, मग ताणल्या बाजूने कापा. उलट केलं तर ती फटकन उलटते किंवा बार चिमटून धरते.

प्रत्येक झाडानंतर बुंध्यावर उरलेली बिजागरी मोजा. एका टोकाला 4 आणि दुसऱ्या टोकाला 2 सेंटिमीटर भरली, तर झाड जाड टोकाकडे ओढलं गेलेलं दिसेल. मधलं लाकूड उपटून आलं नसेल आणि पट्टी सपाट कापलेली दिसत असेल, तर काप बिजागरीतून पार गेला होता आणि झाड आपल्या मर्जीने पडलं होतं. पुढच्या झाडावर खुणा आखताना हीच दोन मापं समोर ठेवा.