गणिताच्या स्पर्धा आणि नवोदयचा प्रवेश: कोकणातल्या पालकांनी तयारी कशी करावी

मुलाला सांगेलीच्या (सिंधुदुर्ग) किंवा निजामपूरच्या (रायगड) नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, सहावीत घालायचे असेल, तर गणिताच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे उपयोगी पडतात का, असे पालक विचारतात. प्रवेशाच्या वेळी ती पाहिली जात नाहीत. निवड प्रवेश परीक्षेतील गुण आणि आरक्षणाचे नियम यांवरच होते.

म्हणून स्पर्धेचे शुल्क भरण्यापूर्वी प्रवेश परीक्षेचा आराखडा समोर ठेवावा. नवोदयच्या 100 गुणांपैकी 50 मानसिक क्षमतेचे (म्हणजे आकृत्यांवरच्या प्रश्नांचे), 25 अंकगणिताचे आणि 25 भाषेचे असतात. सैनिक शाळांच्या सहावीच्या परीक्षेत मात्र 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताला आहेत, त्यामुळे साताऱ्याच्या सैनिक शाळेचा विचार असेल तर गणिताला आणि नवोदयचा असेल तर आकृत्यांच्या प्रश्नांना अधिक वेळ द्यावा.

नवोदयच्या अंकगणितात 20 प्रश्नांना 30 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट मिळते. एकाच कोड्याशी अर्धा तास झुंजण्याची सवय, जी चांगल्या स्पर्धेमुळे लागते, मला फार मोलाची वाटते आणि ती मोडू नये. पण परीक्षेआधीचे दोन महिने लसावि-मसावि, अपूर्णांक, शेकडेवारी, नफा-तोटा यांचा सराव घड्याळ लावूनच करून घ्यावा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये.

कोकणात याहून मोठी चूक शाळा बदलताना होते. आईवडील मुंबईत नोकरीला आणि मूल गावी आजी-आजोबांकडे, अशी कितीतरी घरे इथे आहेत. मूल ज्या जिल्ह्यात राहते आणि पाचवीत शिकते, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी त्याला अर्ज करता येतो. शिवाय किमान 75 टक्के जागा ग्रामीण असतात आणि त्यांसाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागतात. चौथीपर्यंत मुंबईत शिकून पाचवीला गावी आलेल्या मुलाला या जागांवर हक्क सांगता येत नाही. गावी ठेवायचे की नाही, हे दुसरीतच ठरवावे, कारण सहावीच्या या परीक्षेला एकदाच बसता येते.

अर्ज साधारणपणे पावसाळ्यात, ऑनलाइन भरले जातात आणि त्यासोबत मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्या दिवसांत वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, म्हणून शेवटच्या तारखेची वाट न पाहता, जाहिरात आल्याच्या आठवड्यातच अर्ज भरून त्याची छापील प्रत घरी ठेवावी.