हॉटस्पॉटवर ऑफिसचा स्क्रीन रखडतोय?

पावसात मध्य रेल्वे बसली की डोंबिवली-कल्याणची मंडळी घरूनच ऑफिसचं मशीन उघडतात. मोबाइल डेटावर मग एक मेनू उघडेपर्यंत चहा पिऊन होतो.

लिनक्सवर टायगरव्हीएनसी (दूरच्या मशीनचा स्क्रीन आपल्याकडे दाखवणारा प्रोग्रॅम) असेल तर खिडकीतली सेटिंग्ज चाळत बसू नका. टर्मिनलमधूनच, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून (अर्थात इंग्रजी अक्षरांत, युजर@सर्व्हरच्या जागी तुमचं नाव आणि ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता घालून) असं सुरू करा:

व्हीएनसीव्ह्यूअर -ऑटोसिलेक्ट=0 -क्वालिटीलेव्हल 2 -व्हाया युजर@सर्व्हर लोकलहोस्ट:1

१. ऑटोसिलेक्ट बंद करणं सगळ्यात महत्त्वाचं. ते चालू राहिलं तर क्वालिटी प्रोग्रॅम स्वतःच ठरवतो, तुमचा आकडा बाजूला पडतो.

२. क्वालिटी 0 ते 9. दोनवर फोटो खडबडीत दिसतात, पण एक्सेल आणि टर्मिनल वाचता येतं. पगार त्याचाच मिळतो. तरीही अडकलं तर -फुलकलर=0 -लोकलरलेव्हल 1 जोडा. फक्त 64 रंग उरतात. दिसायला भयाण, पण पळतं.

३. व्हायामुळे सगळं एसएसएचच्या (सांकेतिक, सुरक्षित जोडणीच्या) बोगद्यातून जातं, त्यामुळे व्हीएनसीचा 5901 पोर्ट (सर्व्हरचं नेटवर्कवरचं दार) बाहेर उघडा ठेवावा लागत नाही. शेवटचा :1 म्हणजे सर्व्हरवरचा डिस्प्ले क्रमांक, म्हणजे तिथल्या कुठल्या स्क्रीनला जोडायचं ते. तुमचा वेगळा असेल तर बदला.

एवढं रोज कोण टाइप करणार? बॅशआरसीमध्ये (टर्मिनलच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) एलियस, म्हणजे कमांडचं छोटं टोपणनाव, करून ठेवा, दोन अक्षरांत काम होतं.

सांभाळा: त्याच डिस्प्लेवर सहकारी आधीच जोडलेला असेल तर -शेअर्ड लावा. नाहीतर तुम्ही आत आलात की तो सहसा बाहेर फेकला जातो, आणि लगेच फोन येतो.