प्लेटवर 'स्युडोमोनास' वाटलं म्हणून लगेच सही करू नका

पावसाळ्यात कोकण, गोवा, कारवार पट्ट्यातला डायबेटिक पेशंट, ताप उतरत नाही, लिव्हर नाहीतर स्प्लीनमध्ये पू, टीबीची औषधं सुरू करूनही काही फरक नाही... असं सॅम्पल आलं की मेलिऑइडोसिस (मातीतल्या जंतूमुळे होणारा गंभीर संसर्ग) डोक्यात ठेवूनच कल्चर लावा. जंतू बर्खोल्डेरिया स्युडोमॅलाय, राहतो मातीत आणि साचलेल्या पाण्यात, आणि लॅबमधून निसटतो कारण दिसायला साधा नॉन-फर्मेंटर (साखर न आंबवणारा जंतू), मग रिपोर्टवर 'स्युडोमोनास स्पीशीज' जातं किंवा कंटॅमिनंट (बाहेरून मिसळलेला जंतू) म्हणून प्लेटच फेकली जाते.

ग्राम स्टेनमध्ये टोकं गडद, मधे फिकट, सेफ्टी पिनसारखे बॅसिलाय दिसतील, पण दरवेळी दिसतीलच असं नाही आणि दुसरे जंतूही तसे दिसतात, त्यामुळे त्यावर अडून राहू नका. 24 तासांत ब्लड अगारवर कॉलनी बारीक, गुळगुळीत असते, सुरकुत्या पडून कोरडी व्हायला 2-3 दिवस लागतात, म्हणून प्लेट ठेवा. थुंकीसारख्या मिक्स सॅम्पलला अ‍ॅशडाउन अगार (ह्याच जंतूसाठीचं खास माध्यम) असेल तर उत्तमच.

आता मुख्य काम. ऑक्सिडेज (एन्झाइमची झटपट टेस्ट) पॉझिटिव्ह आला की अँटिबायोटिकच्या तीन डिस्क लावा: कोलिस्टिन, जेंटामायसिन, को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव. पहिल्या दोघांभोवती ग्रोथ अगदी डिस्कला चिकटून आणि तिसऱ्याभोवती मोकळा झोन, असा पॅटर्न दिसला की थांबा, हा स्युडोमॅलाय असू शकतो, कारण स्युडोमोनास एरुजिनोसा को-अ‍ॅमॉक्सिक्लॅवला दाद देत नाही. स्वस्त टेस्ट आहे, कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होते, मला तर ती मशीनपेक्षा जास्त भरवशाची वाटते! फक्त जेंटामायसिनला सेन्सिटिव्ह स्ट्रेन्सही सापडलेत (मलेशियातल्या सारावाकमध्ये), तेव्हा एक डिस्क जुळली नाही म्हणून नाव खोडू नका.

मशीनच्या नावावरही डोळे झाकून विश्वास नको, व्हायटेक (जंतू ओळखणारं मशीन) कधी सेपेशिया सांगतं, एपीआय 20 एनई (ओळखीची टेस्ट-पट्टी) क्रोमोबॅक्टेरियम, आणि माल्डीच्या (प्रोटीनवरून जंतू ओळखणारं मशीन) डेटाबेसमध्ये हा जंतू नसेल तर थायलँडेन्सिस, म्हणजे तिन्ही वेळा दुसऱ्याच जंतूचं नाव. पक्कं करायला लॅटेक्स (अँटिबॉडी लावलेल्या कणांची गुठळी-टेस्ट) किंवा टीटीएस1 पीसीआर (ह्या जंतूचं जनुक शोधणारी टेस्ट), रेफरन्स लॅबकडे पाठवा.

आणि प्लेट हुंगायची सवय असेल तर कृपया सोडा. संशय आला की पुढचं सगळं क्लास 2 कॅबिनेटमध्येच (हवा गाळणारं सेफ्टी कॅबिनेट).

फायनल रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम आजच सुरू व्हायला हवं.