ठोकळ्यावर ठोकळा: घर्षणाची गणितं कशी सोडवायची

एकावर एक ठेवलेल्या ठोकळ्यांच्या गणितात मार्क जातात ते बहुतेकदा एकाच ओळीत. ‘घर्षण’ शब्द दिसला की लगेच म्यू (घर्षण गुणांक) गुणिले नॉर्मल (पृष्ठभाग ठोकळ्यावर लावतो ते लंब बल) लिहिलं जातं. पण तो आकडा ही स्थितिक घर्षणाची, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवर घसरत नसतानाच्या घर्षणाची, कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष घर्षण ठोकळे सोबत राहायला लागेल तेवढंच असतं, कधी शून्यसुद्धा.

समजा, गुळगुळीत जमिनीवर ४ किलोचा ठोकळा आहे आणि त्यावर २ किलोचा. दोघांमधला स्थितिक घर्षण गुणांक ०.४, गतिक (घसरतानाचा) ०.३, जी (गुरुत्व त्वरण) १० मी/से². खालच्याला १८ न्यूटन बलाने आडवं ओढलं.

आधी दोघे सोबतच चाललेत असं धरा. त्वरण = १८ ÷ ६ = ३ मी/से². आता फक्त वरच्या ठोकळ्याची आकृती काढा. आडव्या दिशेत त्याच्यावर एकटं घर्षणच आहे, म्हणजे घर्षण = २ × ३ = ६ न्यूटन. नॉर्मल २ × १० = २० न्यूटन, म्हणून मर्यादा ०.४ × २० = ८ न्यूटन. सहा आठच्या आत बसतात, म्हणून धरलेलं बरोबर. उत्तर ६, ८ नाही.

बल ३० न्यूटन असेल तर सोबतचं त्वरण ५ येतं आणि घर्षण १० न्यूटन लागतं. तेवढं मिळणारच नाही, वरचा घसरणार. इथून पुढे ०.४ विसरा, ०.३ घ्या. घर्षण ६ न्यूटन, वरच्याचं त्वरण ३, खालच्याचं (३० − ६) ÷ ४ = ६ मी/से².

दिशेत पुष्कळ जण अडखळतात. वहीवर खोडरबर ठेवून वही झटक्यात ओढा. रबर वहीवर मागे सरकतं, पण टेबलाच्या हिशेबाने थोडं पुढेच येतं, कारण वही त्याला पुढे ढकलत असते. घर्षण गतीला विरोध करत नाही, पृष्ठभागांच्या एकमेकांवरच्या सरकण्याला करतं.

बल वरच्या ठोकळ्याला लावलं की सगळा हिशेब बदलतो. आता खालच्याला पुढे नेणारं घर्षणच, आणि ते जास्तीत जास्त ८ न्यूटन; म्हणजे त्वरण फार तर ८ ÷ ४ = २. सोबत राहण्यासाठी बलाची मर्यादा ६ × २ = १२ न्यूटन. खालच्याला ओढताना वरच्याचं त्वरण फार तर ८ ÷ २ = ४, म्हणून हीच मर्यादा ६ × ४ = २४ होती. ठोकळे तेच, मर्यादा निम्मी! म्हणून बल नेमकं कुणावर आहे, हे आकृतीत बाण काढूनच ठरवा.

जमीन खरखरीत असेल तर तिथला नॉर्मल दोघांच्या वजनाचा, ६० न्यूटन. इथे खालच्याचेच ४० घेण्याची चूक फार होते. जमिनीचा गुणांक ०.२ असेल तर तिची मर्यादा १२ न्यूटन, आणि वरून मिळणारं घर्षण जास्तीत जास्त ८. मग वरच्याला १०० न्यूटनने आडवं ओढलं तरी खालचा जागचा हलत नाही.