‘वारा’ या अर्थाच्या आदिस्लाव्ह शब्दाचे मूळ कसे शोधावे

आदिस्लाव्ह म्हणजे रशियन, पोलिश आदी स्लाव्ह भाषांची पूर्वज भाषा. तिच्यातील लिखित मजकूर उपलब्ध नसल्यामुळे तिचे शब्द वंशज भाषांवरून अनुमानाने उभे करावे लागतात आणि अशा रूपाआधी तारका घालण्याचा प्रघात आहे. ‘वारा’ या अर्थाचे *वेत्रु हे रूप सरावासाठी उत्तम आहे.

प्रथम रशियन ‘व्येतेर’, पोलिश ‘व्यात्र’, चेक ‘वीतर’, युक्रेनियन ‘वितेर’ ही रूपे जमवावीत. त्यांची केवळ प्रथमा पाहू नये, विभक्तिरूपेही पाहावीत. रशियन षष्ठीत ‘व्येत्रा’ असे होते, म्हणजे त आणि र यांमधला ए मागाहून शिरलेला आहे. पोलिशमधील आ देखील मूळचा नाही. कठोर, म्हणजे तालव्य न झालेल्या, दंत्य व्यंजनापूर्वी त्या भाषेत जुन्या दीर्घ ए-चा आ होतो, पण सप्तमीच्या ‘व्येत्शे’ या रूपात व्यंजन मृदू (तालव्य) झाल्यामुळे ए टिकून राहतो. असा नियमबद्ध बदल दाखवता आला, तरच मूळ स्वर ठरला असे मानावे.

त्यानंतर शेजारच्या बाल्टिक शाखेकडे वळावे. लिथुएनियन ‘वेत्रा’ म्हणजे वादळ, आणि प्राचीन प्रशियन ‘वेत्रो’ म्हणजे वारा. मात्र बाल्टिक शब्द स्त्रीलिंगी व स्लाव्ह शब्द पुल्लिंगी असल्यामुळे दोन्ही शाखांचे मूळ नाम जसेच्या तसे एक होते, असे घाईने लिहू नये.

आता धातू व प्रत्यय वेगळे करावेत. रशियन ‘वेयात’ या क्रियापदाचे अर्थ वाहणे आणि धान्य उफणणे असे दोन्ही आहेत. त्यावरून ‘वे-’ हा धातू आणि ‘-त्र-’ हा प्रत्यय उघड होतो. संस्कृत ‘वाति’ याच धातूचे आहे.

येथे मराठी वाचकाची हमखास फसगत होते. ‘वात’ आणि *वेत्रु यांतील त सारखा दिसत असला, तरी ‘वात’ची घडण लॅटिन ‘वेन्तुस’ला जवळची आहे. ऋग्वेदाच्या छंदात ‘वात’ कित्येकदा तीन अक्षरांचा मोजावा लागतो, कारण त्याच्या दीर्घ आ-मध्ये पूर्वीचे दोन स्वर मिसळले असून त्यांतील दुसरा स्वरात्मक (स्वराप्रमाणे अक्षर घडवणाऱ्या) न-पासून आलेला आहे. म्हणून धातू समान, प्रत्यय भिन्न, अशीच नोंद करावी. उघाडीच्या हवेला रशियनमध्ये असलेला ‘व्योद्रो’ हा शब्दही या यादीत घेऊ नये. त्यात मुळात ऱ्हस्व ए आणि द आहे.