रत्नागिरीहून औलीच्या बर्फाकडे : रात्रीच्या गाड्यांनी जाण्याची आखणी

कोकणातून उत्तराखंडातील औलीला स्कीइंग शिकण्यासाठी जायचे असेल, तर प्रवासाची आखणी हरिद्वारच्या पहाटेपासून सुरू करून तिथून मागे रत्नागिरीपर्यंत यावे. याचे कारण डोंगरी रस्त्यात आहे. हरिद्वार आणि ऋषिकेशहून औलीच्या पायथ्याच्या ज्योतिर्मठाकडे, म्हणजे ज्याला आजही बहुतेक लोक जोशीमठ म्हणतात त्या गावाकडे, जाणाऱ्या बस आणि जीपगाड्या भल्या पहाटे सुटतात. अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर असले तरी वळणावळणाच्या रस्त्यामुळे त्याला नऊ-दहा तास सहज लागतात आणि रात्रीच्या वेळी डोंगरात प्रवासी वाहतुकीवर बंधने असतात. त्यामुळे सकाळी उशिरा हरिद्वारला उतरणाऱ्याचा तो दिवस तिथेच मुक्कामात जातो, तर पहाटे उतरणारा त्याच संध्याकाळी जोशीमठात पोहोचतो. रात्रीच्या गाडीचा खरा उपयोग हा आहे. वाचलेले हॉटेलभाडे ही त्यामानाने गौण गोष्ट.

दिल्लीहून रात्री सुटून पहाटे हरिद्वारला पोहोचणाऱ्या गाड्यांमध्ये कोट्याहून देहरादूनला जाणारी नंदादेवी एक्स्प्रेस सोयीची आहे. म्हणून रत्नागिरीहून अशी गाडी निवडावी, जी दिल्लीला दुपारपर्यंत पोहोचवेल आणि रात्रीच्या गाडीपर्यंत हाती भरपूर वेळ ठेवेल. तिरुवनंतपुरम–हजरत निजामुद्दीन राजधानी एक्स्प्रेस रत्नागिरीला थांबते आणि तिथून निजामुद्दीनपर्यंत एकच रात्र गाडीत काढावी लागते. ती रोज नसते, म्हणून सुट्टीच्या तारखा तिच्या वारांप्रमाणे ठरवाव्यात. रोज धावणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस स्वस्त पडते, मात्र ती कल्याण, नाशिक, भोपाळ, झाशी असा लांबचा मार्ग घेत असल्याने वेळ बराच अधिक लागतो. कोकणमार्गे थेट योगनगरी ऋषिकेशला जाणारी साप्ताहिक गाडीही आहे. ज्येष्ठांना किंवा लहान मुलांना दिल्लीत गाडी बदलण्याचा त्रास नको असेल तर ती जरूर घ्यावी, पण ती ऋषिकेशला पोहोचण्याची वेळ पाहून तिथे एक मुक्काम आधीच धरून ठेवावा. कुडाळ, कणकवली किंवा चिपळूणच्या प्रवाशांनी राजधानीसाठी रत्नागिरीपर्यंत दिवसाच्या गाडीने यावे आणि दोन गाड्यांमध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवावे, कारण एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी थांबण्यात कोकण रेल्वेचा वेळ जातो हे आपल्याला ठाऊकच आहे. वेळापत्रक पाहताना आणखी एक दक्षता घ्यावी. कोकण रेल्वेवर पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे असते आणि जानेवारीच्या प्रवासासाठी गणेशोत्सवात लिहून ठेवलेल्या वेळा कामाच्या नसतात.

आरक्षण

नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. हे ६० दिवस गाडी आपल्या मूळ स्थानकावरून ज्या दिवशी सुटते त्या तारखेपासून मोजले जातात. राजधानी तिरुवनंतपुरमहून आदल्या संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला येत असल्यामुळे, रत्नागिरीच्या प्रवाशासाठी आरक्षण हिशेबापेक्षा एक दिवस आधी खुले होते. ज्यांना हे माहीत नसते ते एक दिवस उशिरा पोहोचतात आणि मधल्या स्थानकांच्या तुटपुंज्या कोट्यात तो एक दिवस फार महाग पडतो. सकाळी आठ वाजता आरक्षण खुले होते. तेव्हा प्रवाशांची नावे आणि वये आधीच भरून तयार असावीत.

रत्नागिरीसारख्या मधल्या स्थानकावरून मिळणारी प्रतीक्षा यादी बहुधा ‘आरएलडब्ल्यूएल’ (मधल्या स्थानकांची यादी) किंवा ‘पीक्यूडब्ल्यूएल’ (अनेक स्थानकांच्या सामायिक कोट्याची यादी) प्रकारची असते आणि ती मूळ स्थानकाच्या सर्वसाधारण यादीपेक्षा हळू पुढे सरकते. असे तिकीट हाती असताना औलीच्या निवासाचे पैसे भरू नयेत. ‘आरएसी’ मिळाली तर मात्र प्रवास नक्की समजावा, कारण बसायला जागा मिळते आणि पुढे बर्थही मिळू शकतो. रत्नागिरीच्या कोट्यात जागा नसेल तेव्हा मडगावपासूनचे तिकीट पाहावे. भाडे थोडे वाढते, परंतु तिकीट काढतानाच गाडीत चढण्याचे स्थानक म्हणून रत्नागिरी निवडता येते. ही निवड केली नाही आणि मडगावला जागा रिकामी दिसली, तर ती दुसऱ्याला दिली जाण्याचा धोका असतो.

दिल्ली–हरिद्वार तिकिटाची तारीख दोनदा तपासावी. मध्यरात्रीच्या आसपास सुटणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत एका तारखेची चूक अगदी सहज होते. दोन्ही तिकिटांचे पीएनआर एकमेकांना जोडण्याची सोय २०१९पासून आहे आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर या जोडणीमुळे नियमानुसार पुढच्या तिकिटाचा परतावा मागता येतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतात दाट धुके पडते आणि गाड्या काही तासांनी मागे पडणे नित्याचे असते. दुपार ते रात्र हे अंतर ठेवण्याचा आग्रह मी धरतो तो याच धुक्यासाठी. दोन-तीन तासांची जोडणी कागदावर सुटसुटीत दिसते, प्रत्यक्षात ती धरू नये.

सामान आणि कपडे

स्वतःची स्की नेण्याचा मोह नवशिक्याने टाळावा. रेल्वेच्या डब्यात सोबत नेण्याच्या पेटीची कमाल लांबी १०० सेंटीमीटर मानली जाते, तर प्रौढ माणसाची स्की साधारण दीड मीटरच्या पुढे असते. स्की, बूट आणि काठ्या औलीत भाड्याने मिळतात. थर्ड एसी आणि स्लीपरमध्ये माणशी ४० किलो, तर सेकंड एसीमध्ये ५० किलो सामान विनाशुल्क नेता येते. पण डोंगरी जीपच्या टपावर बांधता येईल एवढीच बॅग असावी, हे माप रेल्वेच्या मापापेक्षा अधिक उपयोगी आहे.

कपड्यांच्या बाबतीत कोकणातील माणसाची अडचण अशी की घरात खऱ्या थंडीचे काहीच नसते आणि जे असते ते सुती असते. बर्फात सुती कपडा सर्वांत घातक ठरतो. नवशिका वारंवार पडतो, कपडा भिजतो, भिजलेले सूत लवकर वाळत नाही आणि ते अंगातील ऊब ओढून घेते. अंगालगत कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर आणि सर्वांत बाहेर पाणी व वारा अडवणारे जाकीट आणि विजार, असे तीन थर घ्यावेत. विणलेले लोकरी हातमोजे बर्फात काही वेळातच ओले होतात, त्यामुळे पाणी न शिरणारे हातमोजे विकत घ्यावेत. ज्या एका वस्तूवर अधिक खर्च करावा अशी ती वस्तू आहे. पायमोजे लांब आणि एकच जोडी घालावे. दोन जोड्या घातल्या की बूट आवळतो, रक्तप्रवाह मंदावतो आणि पाय उलट अधिक गारठतात. गॉगल आणि सनस्क्रीन चैनीत मोडत नाहीत, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांचा फार मोठा भाग परावर्तित करतो आणि गॉगलशिवाय काढलेल्या एका दिवसाने डोळे सुजून दुखू लागतात.

बॅग भरण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. रत्नागिरीला आपण घामाघूम होऊन डब्यात चढतो आणि त्यानंतर दुसऱ्याच रात्री दिल्लीच्या फलाटावर दहा अंशांच्या खालचा गारठा असू शकतो. स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे बॅगेच्या तळाशी ठेवले तर ती सगळी बॅग फलाटावर उपसावी लागते. ते हातातल्या पिशवीत असावेत.

डब्यातील रात्र

थर्ड एसीत पांघरूण, चादरी आणि उशी मिळते. स्लीपरमध्ये काहीही मिळत नाही आणि जानेवारीत वडोदऱ्याच्या पुढे खिडकीच्या फटीतून येणारा वारा झोपू देत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडे जाताना मुलांना घेऊन स्लीपरने जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बर्थ निवडताना उंच माणसाने बाजूचा बर्थ टाळावा, कारण तो आखूड असतो. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच उघडता येतो, म्हणून लवकर झोपू इच्छिणाऱ्याने वरचा बर्थ घ्यावा आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खालचा मागावा. मोबाइलच्या चार्जिंगची वीज काही गाड्यांत रात्री बंद ठेवली जाते, त्यामुळे संध्याकाळीच मोबाइल भरून घ्यावा.

घरच्या शिदोरीत दशम्या, सुकी चटणी, तिळाचे लाडू आणि खजूर असावेत. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात आणि हरिद्वारच्या पहाटेलाही कामी येतात. सुक्या मासळीचा डबा मात्र घरी ठेवावा. बंद वातानुकूलित डब्यात तिचा वास रात्रभर राहतो आणि सहप्रवाशांना तो सोसावा लागतो.

दिल्लीत उतरल्यावर सामान क्लोक रूममध्ये ठेवायचे असेल तर प्रत्येक बॅगेला कुलूप हवे, नाहीतर ती स्वीकारली जात नाही. रात्रीची गाडी निजामुद्दीनहून आहे, नवी दिल्लीहून की जुन्या दिल्लीहून, हे तिकिटावर पाहून सामान त्याच स्थानकाजवळ ठेवावे.

दुसरी रात्र आखूड असते आणि खरी कसोटी तिचीच. हरिद्वारला गाडी पहाटे येते आणि थोडा वेळ थांबून देहरादूनकडे निघून जाते. १३९ क्रमांकावरून स्थानक येण्यापूर्वी जागे करण्याची सूचना लावता येते, तरी स्वतःचा गजरही लावावा आणि बूट घालून अर्धा तास आधी तयार राहावे.

हरिद्वार ते औली

जीप किंवा बस शक्य असल्यास आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी. राष्ट्रीय महामार्ग ७ने देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग आणि नंदप्रयाग हे चार संगम लागतात. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठाच्या पलीकडे आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी गोळी घ्यावी, पुढच्या बाजूची जागा मागावी आणि पोट अगदी रिकामे ठेवू नये.

जोशीमठ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर आहे, तर औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरवर आहेत. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचे शरीर समुद्रसपाटीच्या हवेला सरावलेले असते आणि अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून त्या संध्याकाळी औली गाठण्याची घाई न करता जोशीमठात मुक्काम करावा, पाणी भरपूर प्यावे, मद्य घेऊ नये आणि वर गेल्यावरही पहिल्या दिवशी दमणूक टाळावी. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे ही लक्षणे वाढत गेली तर औषधाची वाट न पाहता खाली उतरावे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी हा बेत डॉक्टरांना विचारल्याशिवाय आखू नये.

जानेवारी २०२३मध्ये जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले, तेव्हा जोशीमठ–औली रोपवेही बंद करण्यात आला. त्यामुळे नियोजन रस्त्याच्या भरवशावरच करावे. ते अंतर सुमारे १५ किलोमीटरचे आहे आणि बर्फ पडल्यावर चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक जीपनेच ते पार करावे. ज्या गावावर असे संकट आले, तिथे उतरताना स्थानिकांच्या लहान निवासांत राहावे आणि तिथल्याच प्रशिक्षकांकडून शिकावे, असे मला मनापासून वाटते.

बर्फ कधी मिळेल याची हमी कोणी देत नाही. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. डिसेंबरात अनेकदा उतार कोरडे असतात. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी निवासाच्या ठिकाणी फोन करून उतारावर प्रत्यक्ष बर्फ किती आहे ते विचारावे. गढवाल मंडल विकास निगम ७ आणि १४ दिवसांचे स्कीइंग वर्ग घेते आणि नवशिक्याने सुटे धडे घेण्यापेक्षा असा वर्ग घेणे चांगले. पहिले दोन दिवस बूट बांधणे, पडणे, उठणे आणि स्कीची टोके आत वळवून वेग रोखणे यातच जातात. त्यासाठी मांड्यांत बळ लागते. महिनाभर आधीपासून रोज उठाबशा काढाव्यात आणि किनाऱ्यावरील कोरड्या, सैल वाळूत चालावे. पोटऱ्या आणि घोटे बळकट करण्यासाठी कोकणात याहून सोपे साधन नाही.

परतीच्या तिकिटापूर्वी एक दिवस मोकळा ठेवावा, कारण हिमवृष्टी किंवा दरड यांमुळे महामार्ग काही तासांपासून दिवसभरापर्यंत बंद राहू शकतो. जोशीमठाहून पहाटे निघून संध्याकाळी हरिद्वार, रात्रीच्या गाडीने दिल्ली आणि तिथून दुसऱ्या दिवसाची कोकणात येणारी गाडी असा क्रम जमतो. फक्त दिल्लीहून निघणारी गाडी सकाळची असेल, तर धुक्याच्या दिवसांत ती जोडणी न धरता दिल्लीत एक रात्र थांबावे. ओले कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत आणि घरी पोहोचताच ते दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून मगच कपाटात ठेवावेत, कारण कोकणच्या दमट हवेत अर्धवट वाळलेल्या जाकिटाला आणि हातमोज्यांना पहिल्याच पावसाळ्यात बुरशी लागते.